विश्लेषण : कठोर मॅनेजर संघ घडवतात की मोडतात? फुटबॉलमधील ड्रेसिंग रूमचा इतिहास काय सांगतो?

फुटबॉलमध्ये संघ हरला की खेळाडूंना फैलावर घेणारा मॅनेजर अनेकांना आवडतो. ‘लाखो पौंड पगार घेणाऱ्या या पोरांना असाच माणूस हवा’, असे चाहते म्हणतात. हरलेल्या संघाच्या मालकांनाही मग ‘शिस्तप्रिय’ मॅनेजर आणण्याची घाई होते. पण हा धाक ड्रेसिंग रूममध्ये नेमके काय करतो? काही संघ त्याने युरोप जिंकतात, तर काही संघ त्याच धाकाने काही महिन्यांत कोलमडतात. असे का होते, आणि कठोरपणा कुठे संपून छळ कुठे सुरू होतो, हे तपासायला हवे.

चेल्सीमध्ये २०१५ साली काय घडले?

या विषयावरील चर्चा जोझे मोरिन्यो यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. २०१४-१५च्या हंगामात त्यांच्या चेल्सीने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली. ३८ पैकी केवळ तीन सामने हा संघ हरला होता. पुढच्या हंगामात पहिल्या १६ सामन्यांतच नऊ पराभव झाले आणि गतविजेते १६व्या स्थानी घसरले. १७ डिसेंबर २०१५ रोजी मोरिन्यो यांची हकालपट्टी झाली. मॅनेजर आणि खेळाडू यांच्यात उघड विसंवाद होता, असे कारण क्लबच्या तांत्रिक संचालकांनीच दिले. त्याआधी तीनच दिवस, लेस्टरकडून हरल्यावर, आपल्या मेहनतीशी दगाफटका झाल्याची भाषा मोरिन्यो यांनी जाहीरपणे केली होती.

बिघाडाची सुरुवात मात्र हंगामाच्या पहिल्याच सामन्यात झाली होती. ८ ऑगस्टला स्वान्सीविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना एडन हॅझार्ड मैदानावर पडला. पंचांनी बोलावल्यावर डॉक्टर इव्हा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. उपचार घेतलेल्या खेळाडूला नियमानुसार काही काळ बाहेर जावे लागते. चेल्सीचा गोलरक्षक आधीच लाल कार्ड घेऊन गेला होता. त्यामुळे संघ काही क्षण नऊ खेळाडूंवर आला. मोरिन्यो यांनी डॉक्टरांना खेळ कळत नाही, असा जाहीर ठपका ठेवला. कार्नेरो यांचे काम कमी करण्यात आले आणि त्यांनी क्लब सोडला. जून २०१६ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. तेव्हा क्लबने त्यांची बिनशर्त माफी मागितली आणि त्या डॉक्टर म्हणून आपले कर्तव्यच बजावत होत्या, हे मान्य केले.

आपले काम चोख करणाऱ्या व्यक्तीचा सर्वांदेखत पाणउतारा होतो, हे त्या दिवशी संपूर्ण संघाने पाहिले. चेल्सीच्या घसरणीला हे एकच कारण होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. हॅझार्डने त्या हंगामात आपणही कमी पडल्याचे नंतर मान्य केले. पण ‘उद्या माझी पाळी’ ही भावना एकदा शिरली की खेळाडू धोका पत्करायचे टाळतो, सोपा पास देतो आणि चेंडू मागायलाही कचरतो.

मग फर्ग्युसन यांचा धाक कसा चालला?

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी १९८६ ते २०१३ या काळात मँचेस्टर युनायटेडला १३ लीग विजेतेपदे मिळवून दिली. त्यांचा राग प्रसिद्ध होता. चेहऱ्याजवळ येऊन ते इतक्या जोरात ओरडत, की त्याला ‘हेअरड्रायर’ हे नाव पडले. फेब्रुवारी २००३ मध्ये एफए चषकात आर्सेनलकडून हरल्यावर त्यांनी लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला.

तरीही त्यांची ड्रेसिंग रूम २६ वर्षे फुटली नाही. कारण ओरडणे दाराच्या आत असे आणि बाहेर ते खेळाडूंची ढाल होत. १९९८च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड मिळाल्यावर इंग्लंडमध्ये बेकहॅमचे पुतळे जाळण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा फर्ग्युसन त्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्याच हंगामात युनायटेडने तिन्ही मोठी विजेतेपदे जिंकली. १९९५मध्ये एरिक कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली आणि त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. तो इंग्लंड सोडायच्या बेतात असताना फर्ग्युसन पॅरिसला जाऊन त्याची समजूत घालून आले. १९९५-९६मध्ये त्याच कँटोनासह युनायटेडने लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले.

थोडक्यात, फर्ग्युसन रागावण्याचा अधिकार आधी कमावत. बूट लाथाडण्याचे समर्थन करता येत नाही आणि करूही नये. पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, की हा माणूस आत जितका बोलेल, तितकाच बाहेर आपल्यासाठी भांडेल.

एकच माणूस दोन ठिकाणी वेगळा कसा ठरतो?

याचे सर्वात बोलके उदाहरण ब्रायन क्लफ यांचे. १९७४च्या जुलैअखेर ते विजेत्या लीड्स युनायटेडचे मॅनेजर झाले. या संघाच्या धसमुसळ्या खेळावर ते कित्येक वर्षे जाहीर टीका करत आले होते. सुरुवातीलाच त्यांनी खेळाडूंना सुनावले, की तुमची सगळी पदके कचऱ्यात टाका, कारण ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. सहा लीग सामन्यांत एकच विजय मिळाला आणि ४४ दिवसांत त्यांना जावे लागले.

जानेवारी १९७५ मध्ये क्लफ दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. त्यांची जीभ तितकीच तिखट होती. पण लीड्समध्ये सोबत नसलेले त्यांचे जुने सहकारी पीटर टेलर १९७६मध्ये त्यांना येऊन मिळाले. १९७७मध्ये संघ वरच्या श्रेणीत आला, १९७८मध्ये लीग विजेता झाला आणि १९७९ व १९८०मध्ये युरोपियन चषक जिंकला. दोन्ही वेळा कर्णधार होता जॉन मॅकगव्हर्न. क्लफ यांच्यासोबत तो लीड्सलाही गेला होता.

लीड्समध्ये क्लफ यांनी खेळाडूंनी आधी मिळवलेले सारे नाकारले. फॉरेस्टमध्ये त्यांनी इतरांनी नाकारलेल्या खेळाडूंना उभे केले. ‘तू यापेक्षा चांगला खेळू शकतोस’ हे वाक्य कितीही कडक आवाजात ऐकवले तरी खेळाडू ते घेतो. ‘तुझी लायकीच नाही’ हे वाक्य हळू आवाजातही बोचते.

जाहीर टीकेने खेळाडू सुधारतात का?

एप्रिल २०१७ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या बरोबरीनंतर मोरिन्यो यांनी युनायटेडच्या ल्यूक शॉबद्दल पत्रकारांना सांगितले, की तो चांगला खेळला, पण शरीर त्याचे आणि मेंदू माझा होता. शॉ तेव्हा २१ वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी त्याच्या पायाला दुहेरी फ्रॅक्चर झाले होते. तो पुढे सावरला आणि २०१८-१९मध्ये सहकाऱ्यांनी त्याला क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. या सुधारणेचे श्रेय मोरिन्यो यांचे समर्थक त्यांच्या कडकपणाला देतात. पण एकाला मानवलेले औषध सगळ्यांना मानवतेच असे नाही. पॉल पोग्बाशी जाहीर बेबनाव झाला आणि १८ डिसेंबर २०१८ रोजी मोरिन्यो यांना दुसऱ्यांदा डिसेंबरातच नारळ मिळाला. तेव्हा युनायटेड अव्वल लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे होता.

मार्च २०२३ मध्ये अंतोनियो काँटे यांनीही हेच केले. तळाच्या साउदॅम्प्टनविरुद्ध ३-१ अशी आघाडी गमावून सामना बरोबरीत सुटल्यावर त्यांनी टॉटनहॅमच्या खेळाडूंना स्वार्थी ठरवले. आठ दिवसांत ते क्लबबाहेर होते. पत्रकार परिषदेत संपूर्ण संघावर खापर फोडणारा मॅनेजर बहुधा स्वतःच्या बचावाची तयारी करत असतो. खेळाडूंना हे चाहत्यांच्या आधी कळते.

सर्वाधिक फटका कोणाला बसतो?

संघात साधारण २५ खेळाडू असतात आणि मैदानावर ११ उतरतात. मैदानावरच्या खेळाडूला टीकेचे उत्तर पुढच्या सामन्यात देता येते. बाकावर बसलेल्याला ती संधी नसते. कठोर मॅनेजरची खरी परीक्षा या उरलेल्या चौदा जणांत होते. नियम सर्वांना सारखा असेल, म्हणजे महागड्या खेळाडूलाही उशिराबद्दल तोच दंड असेल, तर बाकावरचा नाराज असला तरी गप्प राहतो. तरुण, नवखे, परदेशातून आलेले आणि डॉक्टर-फिजिओ यांच्यावरच राग निघू लागला, तर गट पडतात. मग बातम्या बाहेर फुटू लागतात.

खेळाडू आता अधिक ताकदवान झाले आहेत का?

निश्चितच. पाओलो दी कॅनियो यांची मार्च २०१३च्या अखेरीस संडरलंडमध्ये नेमणूक झाली. न्यूकॅसलवर ३-० असा विजय मिळवून त्यांनी संघाला श्रेणीत टिकवले. त्यानंतर त्यांनी मोबाइलपासून केचपपर्यंत बंदी घातली आणि खेळाडूंवर उघड टीका सुरू केली. अखेर ज्येष्ठ खेळाडूंनी थेट क्लबच्या मुख्य अधिकाऱ्याचे दार ठोठावले आणि १३ सामन्यांनंतर, २२ सप्टेंबरला, दी कॅनियो गेले. यामागे साधा हिशेब असतो. क्लबची मोठी गुंतवणूक खेळाडूंच्या करारांत असते. २५ जणांना बदलण्यापेक्षा एकाला बदलणे स्वस्त पडते.

मग मवाळ मॅनेजर हाच उपाय आहे का?

तसेही नाही. कार्लो अँचेलोटी शांत स्वभावाचे म्हणून ओळखले जातात आणि मॅनेजर म्हणून त्यांच्या नावावर पाच चॅम्पियन्स लीग विजेतेपदे आहेत. पण सप्टेंबर २०१७ मध्ये बायर्न म्युनिकने त्यांनाही काढले. पाच खेळाडू त्यांच्या विरोधात गेल्याचे क्लबच्या अध्यक्षांनीच सांगितले. मोरिन्यो यांच्यानंतर आलेल्या ओले गनर सोल्शर यांनी पहिल्याच सामन्यात कार्डिफवर ५-१ असा विजय मिळवला आणि सलग आठ सामने जिंकले. खोलीतला ताण गेला की पाय मोकळे होतात, हे त्यातून दिसले. पण हंगामाच्या शेवटच्या दिवशी हाच संघ आपल्याच मैदानावर त्याच कार्डिफकडून ०-२ असा हरला. केवळ हसऱ्या वातावरणावर संघ उभा राहत नाही. तंदुरुस्ती, डावपेच आणि चुकीला चूक म्हणण्याची हिंमत लागतेच.

कठोरपणा आणि छळ यांतील रेषा कुठे?

हा प्रश्न विजेतेपदांपेक्षा मोठा आहे. इंग्लंडमधील क्रॉली टाउनचे मॅनेजर जॉन येम्स यांच्यावर स्वतःच्याच खेळाडूंना वर्णद्वेषी बोलल्याचे आरोप सिद्ध झाले. २०२३मध्ये आधी १८ महिन्यांची आणि नंतर वाढवून तीन वर्षांची बंदी त्यांच्यावर आली. अमेरिकेच्या महिला लीगबाबत सॅली येट्स यांचा अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. २०० हून अधिक जणांशी बोलून तयार झालेल्या या अहवालात शाब्दिक व मानसिक छळ आणि लैंगिक गैरवर्तन सर्वदूर असल्याचे नमूद झाले. जानेवारी २०२३ मध्ये चार प्रशिक्षकांवर कायमची बंदी आली. या छळाचे मूळ मुलींच्या लहान वयातील फुटबॉलमध्ये आहे, असे अहवाल सांगतो. तिथे प्रशिक्षकाने अपशब्द वापरणे ही सामान्य बाब मानली जाते. पुढे त्याहून वाईट काही घडले, तरी ते चूक आहे हे खेळाडूला उमगत नाही.

म्हणूनच ‘जुन्या वळणाचा माणूस आहे, बोलतो थोडा’ अशी सारवासारव क्लबांनी थांबवायला हवी. टीका खेळावर आहे की माणसावर? ती बंद दाराआड आहे की सर्वांदेखत? नियम सर्वांना सारखा आहे का? आणि उलट उत्तर देणाऱ्याला संघातली जागा गमवावी लागते का? या चार प्रश्नांची उत्तरे पाहिली, तरी रेषा बरीचशी स्पष्ट होते.

आपल्या मैदानांवरही पालक कठड्याबाहेर उभे असतात. जो जास्त ओरडतो तो चांगला कोच, अशी त्यांचीही समजूत असते. फर्ग्युसन यांचा आवाज सगळ्यांना आठवतो. कँटोनासाठी पॅरिसपर्यंत जाणारे फर्ग्युसन मात्र फारसे कुणी आठवत नाही. उचलायचेच असेल तर ते उचलावे.