शौक त्यांचा, भेट तुमची



या सदरात आपण बी-बियाणे, खते, जनावरांचे आजार यांविषयी बोलतो. आज विषय जरा निराळा आहे, पण तो टाळता येत नाही. त्यात थोडा दोष माझाही आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका गावी हरभऱ्याचा प्लॉट बघायला गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला. मालक मोटर चालू करायला विहिरीकडे गेले, तशा वहिनी म्हणाल्या, "साहेब, एक घरगुती विचारू का? हसायचं नाही." येत्या वैशाखात त्यांच्या लग्नाला २५ वर्षे पुरी होणार होती. अंडी विकून त्यांनी तीन हजार रुपये बाजूला टाकले होते. "ह्यांना काहीतरी द्यावं म्हणते. ह्यांना नाद जुन्या तलवारी-कट्यारींचा. बाजारात एक जण जुनी तलवार विकतोय. घेऊ का?"

मी म्हणालो, "घाई करू नका." मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

चार वर्षांपूर्वी याच सदरात मी लिहिले होते, की सुगी संपली म्हणजे विळे, खुरपी, कोयते सँडपेपरने घासावेत आणि तेलाचा हात देऊन ठेवावेत. वहिनींनी ते वाचले आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अवजारांबरोबर सासरच्या आज्यांची तलवारही घासून काढली. पाते लख्ख झाले. पण त्यावरची पाण्याच्या लहरींसारखी नक्षी गेली, आणि मुठीजवळ सोन्याच्या बारीक तारेने बसवलेली चार अक्षरेही गेली. मालकांनी पाहिले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागले. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. मी मान खाली घातली. लेख अवजारांपुरता होता, हे मी लेखात लिहायला हवे होते.

आता आधी शास्त्र समजून घेऊ. जुन्या नामांकित तलवारींच्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. मुशीत वितळवून सावकाश थंड केलेल्या या पोलादात आतल्या आत थर पडतात. घडलेले पाते तेजाबासारख्या द्रावणाने खुलवले की त्या थरांच्या लहरी वर दिसतात. सँडपेपरने वरचा पापुद्रा गेला की लहरी दिसेनाशा होतात. थर धातूत खोलवर असतात, म्हणून जाणता संवर्धक त्या पुष्कळदा पुन्हा खुलवू शकतो. घरी लिंबू, चिंच किंवा अ‍ॅसिड लावून तो प्रयोग मुळीच करू नये. सोन्याचे काम मात्र नुसते वर ठोकलेले असते. ते गेले की गेले.

मग अशा माणसाला प्रेमाने काय द्यावे? वहिनींना मी पहिले सांगितले ते हे, की तलवार देऊ नका. त्याची तीन कारणे आहेत.

एक, दुसऱ्याने निवडून आणलेला बैल आपल्यापैकी किती जणांना पसंत पडतो? दात बघावे, खूर बघावे, चालवून पाहावा, यातच अर्धी गंमत असते. संग्रह करणाऱ्याचेही तसेच आहे. शोधण्याचा आनंद त्याचा त्यालाच ठेवावा.

दोन, फसवणूक. नवे पाते तेजाबाने काळे करून, मुठीला माती चोळून ते 'शिवकालीन' म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. नवख्या डोळ्याला ते कळत नाही.

तीन, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ शेतीच्या किंवा घरच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरत नाहीत. तलवार मात्र शस्त्रातच मोडते, आणि सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात ती बाळगायला परवाना लागतो. म्हणून पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय विकत घेऊ नये. शिवाय शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला विक्रेत्याकडे परवाना असावा लागतो.

यापेक्षा त्याच्याजवळ जे आहे ते टिकेल, आणि तुम्ही त्यात वाटेकरी आहात हे त्याला कळेल, अशी भेट द्यावी. थोड्या पैशांत होण्यासारख्या काही गोष्टी सांगतो.

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या पिशव्या शिवा. कापडाला खळ नको. खळीला दमट धरते आणि कीड लागते. चामड्याचे म्यान पावसाळ्यात ओल धरते. म्हणून पाते म्यानातून काढून तेलाचा हात देऊन अशा पिशवीत ठेवावे आणि म्यान वेगळे ठेवावे.

शिलाई मशीनला घालतो ते पातळ तेल आणि मऊ फडकी एका डबीत घालून द्या. शेंगदाण्याचे, करडईचे, जवसाचे तेल लावू नये. ते सुकून चिकट होते. पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नये, कारण घामातल्या मिठाने गंज धरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाते पाहावे.

गावच्या सुताराकडून भिंतीला लावायची लाकडी घोडी करून घ्या. लाकूड जुने, पुरते वाळलेले असावे.

दोघांनी मिळून एक दिवस पुण्याला जा. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. डॉ. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ साली सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्याला दिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामात साथ होती. तिथे शस्त्रे आहेत, दिवे आहेत आणि नाना तऱ्हेचे अडकित्तेही आहेत. धारेचीच वस्तू द्यायची हौस असेल, तर नक्षीचा पितळी अडकित्ता द्यावा. जेवण झाल्यावर एकाने सुपारी कातरावी, दुसऱ्याने पान लावावे. जोडप्याला शोभेल असे धारेचे हत्यार दुसरे मला तरी माहीत नाही.

"पण धारेची वस्तू दिली तर भांडण होतं म्हणतात," वहिनी म्हणाल्या. आपल्याकडे म्हणूनच विळी-सुरी हातात हात देत नाहीत. खाली ठेवतात, मग दुसरा उचलतो. युरोपातही चाकू भेट मिळाला तर घेणारा एक नाणे परत देतो, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो आणि नाते कापले जात नाही. मन मानत नसेल तर रुपया घ्या आणि निश्चिंत व्हा.

शेवटची गोष्ट एक नोंदवही. प्रत्येक नगाला एक पान. तो कुठून आला, कोणी दिला, लांबी किती, वजन किती, पात्यावर काय कोरले आहे, तेल कधी दिले, हे सगळे तिच्यात लिहायचे. माणूस गेल्यावर मागे लोखंड उरते. त्याची हकीकत लिहिलेली असेल तरच तो संग्रह म्हणायचा, नाहीतर मुले मोडीत घालतात.

परवा त्या गावावरून जाणे झाले म्हणून थांबलो. वहिनींनी पिशव्या शिवल्या होत्या आणि दोनशे पानी वही आणली होती. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले होते : 'आज्यांची तलवार. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी घासली. नक्षी गेली, अक्षरे गेली. चूक माझी.' वैशाखात ती वही त्यांनी मालकांच्या हातात दिली. मालकांनी दोन दिवस ती उघडून पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्या ओळीखाली, पुसून गेलेली ती चार अक्षरे त्यांनी आठवून जशीच्या तशी काढली.

वही मला दाखवताना मालक म्हणाले, "आता ही कुठं जात नाहीत." ती अक्षरे काय होती ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचे आहे.

खंडेनवमी जवळ आली आहे, म्हणून मागच्या लेखाची दुरुस्ती करतो. विळे, कोयते, खुरपी खुशाल घासा. जुन्या शस्त्राला सँडपेपर, राख, चिंच काहीही लावू नका. ओले गंध आणि हळद-कुंकू पात्याला न लावता शेजारी सुपारी मांडून तिला वाहा. पात्यावर फूल ठेवलेच, तर संध्याकाळी उचला, पाते कोरडे पुसा आणि तेलाचा हात द्या.

आणि घासण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला विचारा.