अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचा प्रवास विमा: हप्त्याआधी काय पाहायचं?

सोलापूर विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. परदेशी निघालेल्या सोलापूरकरांना मुंबई गाठायला सिद्धेश्वर आणि वंदे भारत एक्स्प्रेससोबत आता हाही पर्याय आहे. या प्रवाशांमध्ये टॉवेल आणि गणवेशाच्या धंद्यातले व्यापारी असतात, युरोप टूरला निघालेले असतात, तसेच मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला जाणारे आई-वडीलही असतात.

तिकीट, व्हिसा, डॉलर, चटणी-भाकरी, सगळ्याची तयारी महिनाभर आधी होते. विमा मात्र शेवटच्या दिवशी, मोबाइलवर सगळ्यात स्वस्त दिसेल तो घेतला जातो. नंतर अडचण येते ती इथूनच.

विमा सक्तीचा कुठे आहे?

युरोपातल्या २९ शेंजेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं, म्हणजे साधारण ३० लाख रुपयांचं, वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो. तो नसेल तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी अशी अट नाही. त्यामुळे 'मागितलाच नाही तर कशाला घ्यायचा' असं अनेकांना वाटतं. पण उपचार सर्वात महाग असलेल्या देशांत अमेरिकेचा नंबर वरचा आहे. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड तिथे चालत नाही. इथला नेहमीचा मेडिक्लेमही बहुतेक वेळा भारतापुरताच असतो.

एका प्रवाशाचं काय झालं?

मनमोहन नंदा यांचं प्रकरण यासाठी समजून घ्यायला हवं. २००९ मध्ये अमेरिकेला जाण्याआधी त्यांनी युनायटेड इंडिया या सरकारी कंपनीची परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. वैद्यकीय तपासणीही झाली होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा जाणवला. रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. बिल दोन लाख डॉलरच्या वर गेलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं असल्याचं आणि त्यावर गोळी चालू असल्याचं लपवलं, असं कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीची बाजू उचलून धरली.

६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदा यांच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाने सांगितलेल्या आजाराची माहिती घेऊन, धोका तोलून कंपनी पॉलिसी देते. मग त्याच आजाराचं कारण पुढे करून तिला दावा नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अर्जातला एखादा रकाना कोरा असेल तर कंपनीने तो भरून घ्यायला हवा, कोराच ठेवून हप्ता घेतला तर नंतर तक्रार करता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण तो मिळेपर्यंत १२ वर्षं गेली. तेही मधुमेह आधीच सांगितलेला असताना. 'बीपी, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल' असा सल्ला कोणी दिला, तर ही १२ वर्षं आठवा.

पॉलिसी निवडताना काय पाहायचं?

१. आधीचे आजार: चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव अर्जात लिहा. आधीच्या आजाराचा खर्च अजिबात मिळत नाही, की जिवावर बेतल्यावरच मिळतो, की पूर्ण मिळतो, हे पॉलिसीत शोधा. स्वस्त आणि महाग पॉलिसीतला खरा फरक अनेकदा इथेच असतो.

२. आतल्या मर्यादा: वर एक लाख डॉलर लिहिलेलं असतं. पण ६० वर्षांवरच्या प्रवाशांसाठी खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळी मर्यादा घातलेली असू शकते. ती ओलांडली की उरलेलं बिल तुमचं.

३. डिडक्टिबल: प्रत्येक दाव्यातली सुरुवातीची ठरावीक रक्कम तुम्ही भरायची असते. ती किती आहे, हे हप्त्यासोबतच बघा.

४. दिवस: पॉलिसी मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत हवी. मुक्काम वाढला तर मुदत संपण्याआधीच ती वाढवून घ्या.

५. कशाला पैसे नाहीत: युद्ध, दारूच्या नशेतला अपघात, साहसी खेळ हे बहुधा वगळलेले असतात. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात कतारने काही तास हवाई हद्द बंद केली आणि दोहामार्गे जाणारी विमानं अडकली. अशा वेळी हॉटेलचा खर्च मिळतो का, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं.

सोलापूरहून निघताना एक जास्तीची काळजी

आपला परदेश प्रवास मुंबईच्या चारशे किलोमीटर आधीच सुरू होतो. विमा मात्र अनेक पॉलिसींमध्ये भारत सोडताना सुरू होतो. गाडी उशिरा पोहोचली आणि विमान चुकलं, तर त्याची भरपाई मिळेलच असं नाही. सोलापूर-मुंबई आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलेलं असेल, तर पुढची विमान कंपनीही सहसा हात वर करते. म्हणून शक्यतो आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा.

दवाखान्याची वेळ आली तर?

पॉलिसीवर मदतीसाठी २४ तास चालणारा फोन नंबर असतो. आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये आणि मुलांकडेही तो ठेवा. दाखल होताच कंपनीला कळवा, नाहीतर कॅशलेस सोय अडू शकते. बिलं, डॉक्टरांचे अहवाल, बोर्डिंग पास जपून ठेवा.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

घरातली मुलंच बहुतेक वेळा आई-वडिलांचा अर्ज ऑनलाइन भरतात. आजारांच्या प्रश्नापुढे घाईत 'नाही'वर टिक करण्याआधी बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. आईला विचारा. त्या पाच मिनिटांवरच पुढचा दावा टिकतो किंवा पडतो.