पुढारपण गावाच्या हाती

आपल्या इचोडा गावाच्या आसपास गोंडांची गावं आणि सागाचं रान शेजारी नांदतात. म्हणूनच या अंकात मोहन हिराबाई हिरालाल यांची आठवण. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेला हा कार्यकर्ता इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या आंदोलनात उतरला आणि पुढे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंडांच्याच गावाशी जोडला गेला. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांसोबत त्यांनी सर्वसहमतीची ग्रामसभा रुजवली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही गावाच्या हाती आलं. स्वतः मागे राहून त्यांनी गाव पुढे केलं, हीच त्यांच्या आयुष्याची कमाई. वाचकहो, आपल्या ग्रामसभेत बसा, बोला. रान राखायची सुरुवात तिथूनच होते.