लेसर जाळतो, तसा थांबवतोही

लेसर म्हटले की जाळणे किंवा कापणे डोळ्यांपुढे येते. पण पेशी जिवंत ठेवून तिच्यातील एकच प्रथिन लेसरने बंद पाडता येते, हे 1988 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जे यांनी दाखवले.

युक्ती साधी आहे. हवे ते प्रथिन अचूक ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला मॅलाकाइट ग्रीन हा रंग जोडायचा. प्रतिपिंड त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. मग लाल लेसर टाकायचा. पेशी हा प्रकाश फारसा शोषत नाही, रंग मात्र शोषतो. त्यातून तयार होणारे अतिक्रियाशील रेणू काही नॅनोमीटरच्या आतच मारा करतात. केसाची जाडी सुमारे 80 हजार नॅनोमीटर, यावरून नेम किती बारीक ते कळेल. जनुक काढून टाकले तर प्रथिन सगळीकडून नाहीसे होते. इथे मात्र जागा आणि क्षण दोन्ही आपण ठरवतो. 2006 मध्ये ‘किलररेड’ हे प्रकाशाने मारा करणारे प्रथिन आले. ते पेशी स्वतःच तयार करू शकते.

याच विचाराचे भावंड रुग्णालयात पोहोचले आहे. जपानने सप्टेंबर 2020 मध्ये डोके व मानेच्या बळावलेल्या किंवा उलटलेल्या कर्करोगासाठी अशा औषधाला सशर्त, म्हणजे पुढील पुरावा देण्याच्या अटीवर, परवानगी दिली. आधी सलाइनमधून औषध आणि दुसऱ्या दिवशी गाठीवर लाल प्रकाश. फरक एवढाच की इथे प्रथिन केवळ पत्ता दाखवते, मरते ती पेशी. प्रकाश ऊतींमध्ये फार खोल जात नाही. त्यामुळे खोलवरच्या गाठीत प्रकाशवाहक तंतू घालावे लागतात. शरीरभर पसरलेला रोग यातून सुटतोच.

उचगावहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की तासाभरात तंबाखूची पेठ निपाणी लागते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखूची चिमूट सुटलेली नाही. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका का आढळतो, याचे मोठे उत्तर त्या चिमटीत आहे. त्यामुळे ‘लेसरने कर्करोग बरा’ अशी जाहिरात दिसली, तर कोणता लेसर, कोणत्या टप्प्यासाठी आणि पुरावा काय, हे आधी विचारावे.

तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, तर थेट डॉक्टरांकडे जावे. तोंडाच्या कर्करोगात आजही सर्वांत उपयोगी प्रकाश म्हणजे वेळेवर तोंडात पाहणाऱ्या बॅटरीचा.