शून्य देऊन पाहा!

संगणकाला आज्ञा देताना प्रोग्रामचे नाव व त्यापुढे माहिती देतात. नावच यादीत पहिले, मग यादी रिकामी कशी असेल? लिनक्समधील 'पीकेएक्झेक' या प्रोग्रामात २००९ पासून हेच गृहीत धरले होते. पण तेव्हा यादी मुद्दाम रिकामी देता येत असे! मग तो यादीबाहेरची स्मृती वाचू लागे, आणि त्यातून सामान्य वापरकर्त्यालाही संगणकाचे सर्वाधिकार मिळवता येत. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी हा दोष २०२२ मध्ये जाहीर केला. दुरुस्ती काय? यादी रिकामी असल्यास तेथेच थांबणे!

म्हणून शिक्षकांनी, अहमदपूरला असोत वा मुंबईला, केवळ बरोबर उत्तरावर गुण देऊ नयेत, असे माझे मत आहे. चुकीची माहिती दिल्यास प्रोग्राम काय करतो, तेही तपासावे. तुम्हीही आपल्या प्रोग्रामला आज शून्य देऊन पाहा.