जुनी मर्सिडीज आणि काळे हात

तर मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पंचवीस-तीस वर्षं जुनी मर्सिडीज आज एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळू शकते. ऑफिसात हे कळलं की लोकांचे डोळे चमकतात. पण गाडीची किंमत उतरली म्हणून देखभालीची उतरत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर यांना तुम्ही गाडी कितीला घेतली हे ठाऊक नसतं! म्हणून माझं स्पष्ट मत: स्वतःचे हात काळे करायची तयारी नसेल, तर जुन्या लक्झरी गाडीच्या नादी लागू नका. तयारी असेल, तर जरूर लागा.

माझी गाडी डब्ल्यू-124 मालिकेतली ई-220, 1996 ची. म्हणजे वयानं साधारण माझ्याएवढीच. ही मालिका जर्मनीत 1984 च्या शेवटी आली. मर्सिडीजनं भारतात 1994 मध्ये कंपनी काढली आणि 1995 पासून ही गाडी आपल्या पुण्यातच, टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात तयार होऊ लागली. तेव्हा ती बड्या उद्योगपतींची गाडी होती. आता ती हिंजवडीत कोड पाडणाऱ्या माणसाच्या सोसायटीत उभी असते.

या गाडीचं बॉनेट दोन प्रकारे उघडतं. एक नेहमीसारखं, आणि दुसरं थेट नव्वद अंशात, भिंतीसारखं उभं. का? तर काम करणाऱ्याच्या डोक्याला लागू नये आणि त्याला सगळीकडे हात घालता यावा म्हणून. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की, गाडी उद्या कोणीतरी उघडणार आहे, दुरुस्त करणार आहे, हे डिझाइन करणाऱ्यानं धरून चाललं होतं. नव्या गाडीचं बॉनेट उघडा, बहुतेक वेळा आधी प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

आता "जुनी गाडी सारखी बिघडते" या लाडक्या समजुतीबद्दल. माझ्या अनुभवात गाडीचं लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देतात रबर आणि द्रव. आणि या दोन्हींची काळजी घेणं रविवारच्या दोन तासांत जमण्यासारखं आहे.

कूलंटचंच घ्या. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी घाला" हा सल्ला मी निदान तीन गॅरेजमध्ये ऐकलाय. अहो, पण कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही! तो उकळणबिंदू वाढवतो आणि गंज रोखतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधून बोअरवेलचं जड पाणी म्हणजे आतून क्षार आणि गंज यांना आमंत्रणच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालायला अक्कल लागते, पैसे फारसे लागत नाहीत.

ब्रेक ऑइलचंही तसंच. डॉट-4 प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ताजं असताना त्याचा उकळणबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषल्यावरच्या चाचणीसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. घाटातल्या लांब उतारावर हा फरक तुमच्या पायाखाली येतो, पेडल मऊ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कितीही कमी चाललेली असो.

तिसरी गोष्ट इंधनाचे रबरी पाइप. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचलं. नव्वदच्या दशकातलं रबर या मिश्रणासाठी बनवलेलंच नव्हतं. ते कडक होतं, तडकतं, आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणं म्हणजे काय ते सांगायला नको. दर महिन्याला टॉर्च घेऊन हे पाइप बघणारा माणूस कुठल्याही वॉरंटीपेक्षा मोलाचा.

आणि खर्च? एका मोठ्या वर्कशॉपनं मला पुढच्या सस्पेन्शनचा जो अंदाज दिला, त्यात गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला असता. मग भागांचे नंबर शोधत बसलो. लेमफर्डर, बॉश, मान या कंपन्या मर्सिडीजला भाग पुरवत आल्या आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला भाग तारा छापलेल्या खोक्यातल्यापेक्षा स्वस्त पडतो. नाना पेठेत चौकशी केली, एकदा कुर्ल्याला सीएसटी रोडवरही जाऊन आलो. निम्म्याहून कमी पैशात काम झालं.

"पण तुझ्या वेळेची किंमत काय?" हा आमच्या क्षेत्रातला हमखास प्रश्न. तासाचा दर काढून दाखवणारे मित्र आहेत. मला त्यांना विचारावंसं वाटतं, की तुमचा रविवार कोणता क्लायंट विकत घेतो? तो जातो मॉलमध्ये किंवा मोबाइलवर. मग माझे तीन तास गाडीखाली गेले तर कुठला तोटा झाला?

दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. मेकॅनिकच्या पोटावर पाय येत नाही का? उलट आहे. ज्याला काम कळतं, तोच कामाची किंमत ओळखतो. मी स्वतः बुश बदलायला बसल्यापासून आमच्या मिस्त्रींशी मजुरीवरून घासाघीस करणं सोडलं. आणि काही कामं त्यांचीच. या गाडीची पुढची स्प्रिंग काढायला खास कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचणं कठीण. एअरबॅगला हात लावायचा नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, जॅक स्टँड लावल्याशिवाय नाहीच. डोक्यावर जवळपास चौदाशे किलो असतात हे विसरू नका.

खरा मुद्दा मला वेगळाच वाटतो. आपण लाखो इंजिनिअर तयार करतो, आणि त्यातल्या बहुतेकांना पाना धरणं कमीपणाचं वाटतं. हातानं काम करणारा खालचा आणि कीबोर्ड बडवणारा वरचा, ही उतरंड आपल्या डोक्यात फार जुनी आहे. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधले फिटिंगचे जॉब बाहेरून विकत आणून सबमिट करणारे आज सीनियर आर्किटेक्ट आहेत. टॉर्कची व्याख्या सगळ्यांना पाठ. पण चाकाचा बोल्ट 110 न्यूटन मीटरला आवळला की हाताला काय जाणवतं, ते टॉर्क रेंच हातात घेतल्यावरच कळतं. आणि ते कळल्यावर लिफ्टवाला, प्लंबर, वायरमन यांच्याशी बोलण्याचा तुमचा सूरच बदलतो.

धोरणं मात्र जुनी गाडी टिकवणाऱ्याच्या बाजूची नाहीत. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 10,000. प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. रोज ऑफिसला मी बसनंच जातो. पण गाडी तपासावी ती धुरावरून आणि ब्रेकवरून, फक्त जन्मतारखेवरून नको.

असो. तेव्हा घ्यायचीच असेल तर गाडीच्या किमतीएवढेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. चांगला जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच आणि सर्व्हिस मॅन्युअल आधी घ्या, मग गाडी. आणि नखांतलं काळं सोमवारच्या मीटिंगपर्यंत जात नाही, हेही लक्षात असू द्या :)