पिल्लाची लूत आणि गोठ्यातली बाटली

पावसाळा सरला की गावकुत्र्यांच्या विणी सुरू होतात आणि ऐन थंडीत घरोघरी पिल्ले येतात. माण, आटपाडी, जत भागात हौसेने कारवानीचे पिल्लू आणले जाते. सातारा-सांगली शहरांत लॅब्राडोरचे. काही दिवसांत ते सारखे अंग खाजवू लागते. कानांच्या कडांचे आणि कोपरांवरचे केस गळतात, पोटावर लाल पुरळ येतो. घरातले निदान ठरलेले असते : थंडीने कातडी फुटली. पुरळ वाढला की त्यालाच लूत म्हणतात आणि उपाय गोठ्याच्या फळीवर शोधला जातो.

तिथे जनावरांच्या गोचिडांवरचे औषध असते. अशा औषधांत बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते. ते म्हशीच्या पाठीवर मारण्यासाठी बादलीत पातळ करतात आणि उरलेल्या पाण्यात पिल्लू बुचकळतात. पण पिल्लू दोन-तीन किलोचे, खाजवून सोललेले आणि स्वतःचे अंग चाटणारे. डेल्टामेथ्रिन अंगात भिनले की लाळ गळते, थरकाप सुटतो, झटकेही येतात. अमिट्राझचे उलट. पिल्लू सुस्तावते, अंग गार पडते, हृदयाचे ठोके मंदावतात. चार महिन्यांच्या आतील पिल्लांवर ते वापरू नये, असा संकेत आहे. घरच्यांना मात्र वाटते, खाज थांबली आणि बिचारे निवांत झोपले.

गॅरेजमधले जळके ऑइल, फिनेल, चुलीतली राख हे उपायही तसेच घातक. हळद त्या मानाने निरुपद्रवी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यामुळे ती लुतीचे किडे मारू लागली असे नाही.

थंडीने कातडी कोरडी पडते, हे खरे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाचच. तिची आम्लताही आपल्यापेक्षा कमी. म्हणून आपला साबण पिल्लाला सोसत नाही. आंघोळ घालायचीच तर दुपारी, कोमट पाण्याने, कुत्र्याच्या शाम्पूने. नंतर अंग पूर्ण कोरडे करावे. दर आठवड्याला न्हाऊ घालण्याची हौस आवरावी. अंथरायला खताचे रिकामे पोते नको. जुनी गोधडी चालेल, पण ती गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी, कारण पिसवांची अंडी अंगापेक्षा अंथरुणातच जास्त असतात.

नुसत्या कोरडेपणाने कोंडा पडतो. रात्रभर झोपू न देणारी खाज बहुधा खरजेच्या किड्यांची किंवा पिसवांची असते. गोल चट्टा पडून केस गेले तर नायटा असू शकतो. आईकडून आलेल्या डेमोडेक्स किड्यांमुळेही केस जातात. तो माणसाला लागत नाही आणि थोडा असेल तर बहुतेकदा आपोआप बरा होतो. खरूज आणि नायटा मात्र पिल्लाला कुशीत घेणाऱ्या मुलांपर्यंत पोचतात. यातले काय आहे, हे कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. अवघड प्रकरणी साताऱ्याच्या शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. उपचार पिल्लाचे वय आणि वजन पाहून ठरतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याला मानवलेली गोळी इथे चालेलच असे नाही.

दुकानदारानेही बाटली देताना कोणत्या जनावरासाठी, एवढे विचारायला हवे. पशुसंवर्धन विभागाची शिबिरे गावोगाव होतात. तिथे गाई-म्हशींच्या लसीकरणासोबत ही दोन वाक्ये सांगायला वेगळा खर्च येत नाही.

औषध आधीच लावले असेल तर पिल्लू शुद्धीवर असताना कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने ते धुऊन काढावे, अंग पुसून पिल्लू उबदार कपड्यात गुंडाळावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. उलटी करवू नये. बाटली सोबत न्यावी. दोन्ही विषांवरचे उपचार वेगळे आहेत.